तीन रुपयांची वाटणी

यशोदाबाई धैर्यवानांना राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या दिवशी मात्र ते सकाळी पेपरवाल्यानं दाराच्या कडीला अडकवून ठेवलं होतं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं कमीत कमी भाडं अठ्ठावीसवरून एकतीस रुपये झालं होतं.

ज्यांच्याकडे टॅक्सी नाही त्यांना अशा बातमीनं राग यावा आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना आनंद व्हावा, हे सरळ आहे. यशोदाबाईंच्या नावावर एक टॅक्सी होती. ती कशी आली हे सांगत बसलो तर त्यांचे कॅनडातले दीर, त्यांची बायको आणि एक न फिटलेलं कर्ज असं बरंच काही सांगावं लागेल, तेव्हा ते राहू दे. गिरगावात मुगभाट लेनमधल्या मोरेश्वर सदनाखाली ती छोटी डबा गाडी उभी असायची आणि काळाचौकीचा धोंडू घाडी ती चालवायचा, एवढं पुरे. सकाळी गाडी न्यायची, रात्री आणून लावायची आणि शिफ्टचे पाचशे रुपये बाईंच्या हातावर ठेवायचे. दिवसभरात धंदा किती झाला, झाला की नाही, हे धोंडूचं नशीब. गॅस त्याचा, पंक्चर त्याचं. विमा, पासिंग, टायर आणि इंजिनाची दुखणी बाईंची.

म्हणजे वाढलेले तीन रुपये सरळ धोंडूच्या खिशात जाणार होते. बाईंच्या हातावर तेच पाचशे. चहा संपायच्या आत हे त्यांच्या लक्षात आलं आणि उरलेला अर्धा कप त्यांनी मोरीत ओतला.

बाईंनी शाळेत मराठी शिकवण्यात उभं आयुष्य घालवलं होतं आणि शेवटची काही वर्षं त्या मुख्याध्यापिका होत्या. मूड बरा असला की त्या धोंडूला 'तू' म्हणत. रागावल्या की 'तुम्ही'. त्यामुळे त्या रात्री किल्ली द्यायला दुसऱ्या मजल्यावर चढून आलेल्या धोंडूला पहिल्या शब्दालाच अंदाज आला.

"तुम्ही पेपर वाचलात का?"

"वाचलंय. बरा झाला. दोन वर्षांनी वाढवल्यानी एकदाचा."

"उद्यापासून शिफ्टचे सहाशे."

धोंडूनं दाराशी काढलेली चप्पल पुन्हा घातली. तो एरवी मालवणी मिसळलेलं मराठी बोलायचा, पण डोकं सटकलं की सरळ मालवणात शिरायचा. "बाई, तुमका काय वाटता, लोक माझ्या गाडयेत बसाक रांग लावून उभे असत? भाडा वाढला की पयलो महिनो पॅसेंजर कमी होता. सगळे मोबाईलवर गाडी बोलावतत. खरा म्हणजे तुम्हीच पन्नास कमी करूक व्हये."

"मी कमी करू? टायरचे भाव कमी झालेत? विमा कमी झालाय?"

"माणसाचा पोट म्हाग झाला म्हणान वाढवल्यानी. टायराचा पोट नाय."

"गाडी काय हवेवर चालते?"

"गॅसवर चालता. आणि तो मी भरतंय."

या ठिकाणी बाईंचा राग क्षणभर धोंडूवरून सरकारकडे वळला. भाडं किती वाढवायचं, कुठल्या टप्प्याला किती, रात्री किती, सामानाचे किती, हे सगळं ठरवून छापणाऱ्यांना 'आणि ही वाढ मालक व चालक यांनी अशी वाटून घ्यावी' एवढं एक वाक्य जड झालं होतं का? मुलांच्या निबंधात शेवटचा परिच्छेद राहिला तर बाई दोन मार्क कापत. यांचे किती कापावेत हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे वीरेंद्र विजयकर जिना चढून आले. विजयकर गोदीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले होते. तिथं चाळीस माणसं त्यांना विचारल्याशिवाय सही करत नसत आणि आता घरात साबण कुठला आणायचा हेही त्यांना कुणी विचारत नसे. त्यामुळे इमारतीत कुठं आवाज चढला की ते सल्ला घेऊनच निघत.

"वहिनी, अंदाजानं बोलण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "आधी प्रत्यक्ष पाहणी करा. एक दिवस स्वतः गाडीत बसा. याचा धंदा किती, खर्च किती, सगळं डोळ्यांसमोर येईल. मग बोला."

"बसा की," धोंडू म्हणाला. तो इतक्या लवकर तयार झाला याचाच बाईंना संशय आला. त्यांनी दादरला मुलीला फोन लावला. उर्वी म्हणाली, "आई, विकून टाक ती गाडी." ती नेहमी हेच म्हणायची, म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि पर्स घेऊन त्या स्वतःच्या टॅक्सीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

ठाकुरद्वारपासून ऑपेरा हाऊसपर्यंत एकही पॅसेंजर मिळाला नाही. लोक हात वर करत, गाडी जवळ आली की आत बसलेल्या बाईंकडे बघत आणि वर केलेल्या हातानं डोकं खाजवायला लागत. लॅमिंग्टन रोडवरही तेच.

"बाई, मागे बसा," धोंडू म्हणाला.

बाई मागे बसल्या. आता तर त्या साक्षात पॅसेंजर दिसायला लागल्या. हात वर येणंसुद्धा बंद झालं.

"बाई, जरा मान खाली घाला."

"मी आयुष्यात कुणासमोर मान खाली घातलेली नाही."

"म्हणानच धंदो नाय."

यावर बाई पुन्हा पुढे येऊन बसल्या आणि काच खाली करून रस्त्यावरच्या लोकांना स्वतःच सांगू लागल्या, "रिकामी आहे. या." पण पांढऱ्या केसांची, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेली बाई टॅक्सीतून असं बोलावते आहे म्हटल्यावर जे दोघेतिघे थांबले होते तेही घाईनं फुटपाथवर चढले.

काळाचौकीच्या नाक्यावर मात्र एक बाई गाडीची वाटच बघत उभी होती. हिरवं लुगडं, नाकात मोठी चमकी आणि पायाशी दोन टोपल्या. धोंडूनं तिच्याकडे न बघता गाडी पुढे काढायचा प्रयत्न केला, पण तिनं बॉनेटवर थाप मारली.

"काय रे धोंडू, आंधळा झालास? दादरला मार्केट उठायची वेळ आली." असं म्हणत तिनं स्वतःच डिकी उघडली, गॅसच्या सिलिंडरशेजारी उरलेल्या जागेत एक टोपली सराईतपणे बसवली, दुसरी घेऊन मागच्या सीटवर आली आणि मग पुढे बसलेल्या बाईंना म्हणाली, "ताई, तुम्ही कुठं उतरणार?"

"मी या गाडीची मालकीण आहे."

"अगो बाई," ती म्हणाली. तिचं नाव कमल. "म्हणजे तुम्ही जिवंत आहात. हा म्हणायचा, मालकीण लय कडक आहे, तिला सांगू नको. मी महिन्याचे देते हां याला, फुकट नाही बसत."

यशोदाबाई वळून धोंडूकडे बघत राहिल्या. गेली कित्येक वर्षं गाडीला एक वास येत होता. त्याबद्दल विचारलं की धोंडू म्हणायचा, गॅसचा वास, सगळ्याच गाड्यांना येतो. बाईंनी दोनदा पदरचे पैसे घालून सिलिंडरची तपासणी करून घेतली होती. तपासणाऱ्यानंही नाक वाकडं करून 'सिलिंडर ठीक आहे' असं लिहून दिलं होतं.

धोंडूनं चोरून वेगळी कमाई केली याचा त्यांना राग आला, हे तर झालंच. पण त्याहून मोठा राग दुसराच होता. धैर्यवानांच्या घरात ताटात मासळी नसली तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. "इतकी वर्षं माझ्या टॅक्सीतून पापलेट जातंय," त्या म्हणाल्या, "आणि मला कधी एक शेपूट नाही?"

"तुम्ही शिफ्ट मागितलास, ती दिलंय," धोंडू म्हणाला. "मासे न्यायचे नाय असा कधी बोललास?"

"वासाबद्दल खोटं बोललात."

"खरा बोललो असतंय तर शिफ्ट सातशे केल्यात असती."

हे खरं होतं, म्हणून बाईंना जास्तच राग आला. दादरला उतरताना कमलनं दोन बोंबील पिशवीत घालून त्यांच्या मांडीवर ठेवले. बाईंनी ते परत केले. परत करताना त्यांच्या जिवाला काय झालं ते त्यांनाच माहीत.

दादरलाच दिवसाचा पहिला खरा पॅसेंजर मिळाला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. परळच्या हॉस्पिटलपर्यंत जायचं म्हणाला. इतकं जवळचं भाडं घेऊन परळच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला धोंडूचा जीव होईना.

"गॅस भरायचो आसा, साहेब."

"नाही, गॅस भरलेला आहे," बाई म्हणाल्या. "भाडं नाकारणं गुन्हा आहे. बसा हो तुम्ही."

साहेब बसले. पुलाखाली गाडी अडकली ती अडकलीच. धोंडू स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिला. शेवटी हॉस्पिटलच्या दाराशी पोचल्यावर त्यानं सन-व्हायजरमधून नव्या दराचं कार्ड काढलं. मीटर अजून जुन्याच भाड्याचा होता. तो नव्या दराचा करून घेईपर्यंत कार्ड बघून पैसे घ्यायचे, असा नियम होता. मीटर कुणाच्या पैशानं नवा करायचा, हे बाई आणि धोंडू यांच्यात अजून ठरलेलं नव्हतं, ते वेगळंच.

"मीटरवर कमी आहे, कार्डावर जास्त आहे," साहेब म्हणाले. "आणि या काकू बसल्यात त्यांचे किती?"

"त्यांचे काय नाय."

"का नाही? त्या पण आल्या ना दादरपासून? दोघं आलो तर निम्मं-निम्मं व्हायला पाहिजे. हे तर सरळसरळ शेअर टॅक्सी झालं."

"मी मालकीण आहे," बाई म्हणाल्या. दिवसातून दुसऱ्यांदा हे सांगावं लागत होतं आणि प्रत्येक वेळी त्याचं वजन कमी होत चाललं होतं.

"वा. म्हणजे मालकीण माझ्या पैशानं फिरणार. बरं, एक सांगा, हे वाढलेले तीन रुपये जातात कुणाच्या खिशात?"

"यांच्या," धोंडू म्हणाला.

"याच्या," बाई म्हणाल्या.

दोघांची बोटं एकमेकांकडे रोखलेली होती. साहेबांनी आधी कार्डाचा आणि मग त्या दोन बोटांचा फोटो काढला, मोबाईलवरून निम्मं भाडं पाठवलं आणि हॉस्पिटलात शिरले.

दुपारी आणखी एक प्रश्न उभा राहिला. त्याबद्दल भाडेवाढीच्या बातमीत काही नव्हतं. सकाळपासून बाटलीभर पाणी प्यालेल्या, पासष्टी ओलांडलेल्या बाईनं लालबागच्या भर रस्त्यात कुठं जायचं?

"तू कुठं जातोस?" बाईंनी विचारलं. अडचण इतकी निकडीची होती की त्या 'तुम्ही' म्हणायचं विसरल्या.

"मी पाणीच पीत नाय."

एक पेट्रोल पंप बंद होता. दुसऱ्यावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी होती. शेवटी धोंडूनं एका ओळखीच्या खाणावळीच्या मालकाशी मालवणीत अशी काही हुज्जत घातली की त्यानं मागच्या दाराची किल्ली आणून बाईंच्या हातात दिली. बाई परत आल्या तेव्हा त्यांना धोंडूचे आभार मानायचे होते. पण आभार मानले तर शंभर रुपयांचा मुद्दा कमजोर पडेल, असं वाटून त्यांनी ते मानले नाहीत. ही लाज त्यांना पुढे बरेच दिवस टोचत राहिली.

रात्री मोरेश्वर सदनाखाली गाडी लागली. बाईंनी हात पुढे केला. "आजची शिफ्ट."

"कसली शिफ्ट? दिवसभर पॅसेंजरच्या जागेवर तुम्ही बसलेल्या. मीटरनं तुमचा भाडा किती होता, सांगू?"

जिन्यावर, गॅलरीत, खिडक्यांत माणसं जमली होती. सगळ्यांच्या देखत आपल्याच टॅक्सीचं भाडं आपल्याकडे मागितलं गेल्यावर बाईंसमोर एकच मार्ग उरला. "किल्ली ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून येऊ नका."

धोंडूनं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो चालत ठाकुरद्वारच्या दिशेनं गेला.

त्यानंतर टॅक्सी नुसतीच उभी राहिली. तिच्यावर धूळ बसली, धुळीवर मांजर बसलं, आणि धुळीत कुणीतरी बोटानं 'भाड्याने देणे आहे' असं लिहिलं. बाईंनी ते शुद्ध होतं म्हणून पुसलं नाही. रोजचे पाचशे बंद झाले. विम्याचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी खात्यातून गेला. धोंडू दुसरीकडे शिफ्ट शोधतो आहे आणि मिळत नाही, असं बाईंना कमलकडून कळलं. बाई दादरला कमलकडे मासळी घ्यायला जाऊ लागल्या होत्या. तो खर्च त्या मनात पाहणीच्या खात्यावर टाकत. धोंडूला काम मिळत नाही हे ऐकून आपल्याला बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. बरं वाटलं नाही, आणि त्याचाही राग आला.

मीटर नवा करून घ्यायची मुदत जवळ येत चालली. बाईंना गाडी चालवता येत नव्हती. तेव्हा विजयकर म्हणाले, "वहिनी, मी आहे ना. लायसन्स आहे माझ्याकडे. ऐंशीच्या सालापासून." त्या लायसन्सचा त्यांनी आजवर फोटो दाखवायलाच उपयोग केला होता, हे ते बोलले नाहीत. त्यांनी आरसे नीट केले, सीट पुढेमागे केली, पट्टा बांधला, बाईंना 'बाजूला उभ्या राहा' म्हणाले आणि गाडी उलटी नेऊन पाण्याच्या पंपाच्या खोलीत घातली.

दार मोडलं, पंपाची जोडणी निखळली आणि मोरेश्वर सदनाचं पाणी दोन दिवस बंद झालं. सोसायटीनं खर्चाचं पत्र बाईंना दिलं, कारण गाडी त्यांची होती. विजयकरांच्या म्हणण्याप्रमाणे चूक पंपाच्या खोलीची होती, ती मुळात नियमाबाहेर बांधलेली होती. दोन दिवस तिसऱ्या मजल्यावरून बादल्या खाली-वर होत राहिल्या आणि प्रत्येक बादली बाईंच्या दारासमोर मुद्दाम थोडी डुचमळत गेली.

बाईंनी फोन लावला. "धोंडू, या."

"शिफ्ट किती?"

"आधी या. मग भांडू."

भायखळ्याला मनू नावाचा मीटरवाला होता. त्याच्या दुकानासमोर टॅक्सींची रांग होती आणि प्रत्येक टॅक्सीत तंटा चालू होता. मालक म्हणत होते, वाढ तुम्हाला मिळते, मीटरचे पैसे तुम्ही द्या. ड्रायव्हर म्हणत होते, मीटर तुमचा, पैसे तुमचे. मनूनं हे सगळं इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यानं दुकानाच्या दारावरच लिहिलं होतं, 'भांडण बाहेर. पैसे आत.' बाई आणि धोंडू नियमाप्रमाणे बाहेर भांडले आणि शेवटी बाईंनी आत पैसे दिले. 'तूर्तास', असं त्या तीनदा म्हणाल्या.

तिथून मीटर तपासायच्या ट्रॅकवर. गाडी ठरावीक अंतर चालवायची, मीटर बरोबर पडतो का बघायचं, मग सरकारी सील. सील लागेपर्यंत गाडी धंद्याला काढायची नाही. उन्हात रांग होती. तिथल्या कचेरीतल्या साहेबांनी खिडकीतून छापील कागद सरकवला. 'मालकाचे नाव : यशोधा धर्यवान.'

बाईंच्या पर्समध्ये लाल पेन नेहमी असायचं. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नव्हती. त्यांचा हात आपोआप पर्समध्ये गेला. त्यांनी 'धा' खोडून वर 'दा' लिहिलं, 'ध' वर दोन मात्रा दिल्या, आणि सवयीनं समासात एक बारीक प्रश्नचिन्हही काढलं. कागद परत सरकवला.

खिडकीतल्या माणसानं तो उलटसुलट करून बघितला. "खाडाखोड चालत नाही. नवीन अर्ज. नवीन फी. नवीन तारीख."

"नाव तुम्ही चुकीचं लिहिलंय."

"आमच्याकडे जे आहे ते बरोबर आहे. कागदावर लाल शाई लावली तुम्ही. पुढे कोण आहे?"

धोंडूच्या संतापाचा आधी बाईंवरच स्फोट झाला. "बाई, ही शाळा नाय. आज सील झाला असता. आणखी चार दिवस गाडी उभी. कित्याक व्होयी होती ती मात्रा?"

"माझं आडनाव आहे ते, धोंडू. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, माझं. इतक्या वर्षांत ते कुणी धर्यवान लिहिलं नाही."

धोंडू वळला. मागच्या माणसाला बाजूला सारून त्यानं खिडकीत डोकं घातलं. "ओ साहेब. नाव तुम्ही चुकवलास आणि फी आमका? या बाई हेडमास्तर होत्या. तुमच्यासारखे पन्नास तिनं कोपऱ्यात उभे केल्यान आसत."

याचा उपयोग काहीच झाला नाही. उलट नवीन तारीख आणखी दोन दिवस पुढे गेली. पण परत येताना गाडीत बाई धोंडूला 'तुम्ही' म्हणाल्या नाहीत आणि शंभर रुपयांचा विषयही निघाला नाही.

तो निघाला पुढच्या खेपेला, त्याच उन्हात, त्याच रांगेत. बाईंनी डबा उघडला, निम्मा धोंडूकडे सरकवला आणि म्हणाल्या, "पन्नास."

"होळीनंतर."

"होळीनंतर का?"

"होळयेक गावाक जाऊचा आसा."

"बरं. आणि पावसाळ्यात?"

"पावसात धंदो बरो असता. तेव्हा बघू."

"आणि मासळीचं?"

"त्याचा वेगळा बघू," धोंडू म्हणाला, आणि डब्यातली पोळी घेऊन दुसरीकडे तोंड करून खाऊ लागला. हे ठरलं की नाही ठरलं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मोडलं असतं.

दुपारी सील लागलं. नाव अजूनही 'धर्यवान' होतं. बाईंनी दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून ठेवली होती.

परत येताना भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर एकानं हात केला. बाई पुढे बसलेल्या असूनही तो थांबला, दार उघडून बसला आणि मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाला, "मार्केटला सोडा." नव्या मीटरवरचं पहिलं भाडं. लाल आकडे एकतीसवर उभे राहिले. बाई आणि धोंडू दोघंही त्यांच्याकडे असे बघत होते की जणू पाळण्यातलं मूल आहे.

लालबागच्या मार्केटपाशी तो माणूस उतरला. दहाच्या तीन नोटा सीटवर ठेवल्या आणि चालू लागला.

"अहो, एक रुपया," धोंडू म्हणाला.

"असू दे ना काका, एक रुपयानं काय होतंय?"

तो माणूस सहज बोलून गेला. गेले कित्येक दिवस मोरेश्वर सदनाच्या जिन्यापासून भायखळ्यापर्यंत काय चाललं होतं, ते त्याला कसं कळणार? बाईंनी दार उघडलं. धोंडूनंही उघडलं. गाडी होती तिथंच, मसाल्याच्या दुकानांसमोर, रस्त्याच्या मध्यात उभी राहिली आणि पासष्टी ओलांडलेली एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि साठीला टेकलेला एक टॅक्सी ड्रायव्हर मिरच्यांच्या पोत्यांमधून त्याच्या मागे धावले.

"उभा राहा," बाई म्हणाल्या. त्या आवाजाला शाळेचं अख्खं मैदान थांबत असे. तो माणूस थांबला. मिरची पाखडणाऱ्या दोन बायकाही थांबल्या.

"काय होतं एक रुपयानं? सांग मला. तीन रुपयांसाठी आम्ही काय केलंय, तुला माहीत आहे? मीटर बदललाय, पंप मोडलाय, उन्हात दोनदा उभे राहिलोय. आणि तू त्यातला एक उचलून चाललास?"

"बाई, दम घ्या," धोंडू म्हणाला. मग त्या माणसाला म्हणाला, "दी रे मेल्या. सुटका नाय तुका."

त्या माणसानं खिसे चाचपले आणि रुपया काढून दिला. बाईंनी तो मुठीत धरला. दोघं धापा टाकत परत आले तेव्हा गाडीमागे बेस्टची बस होती, बसमागे तीन टेम्पो, आणि गाडीसमोर ट्रॅफिक हवालदार गाडीचा फोटो काढून मोबाईल खिशात ठेवत होता. बाईंच्या पर्समधला फोन वाजला. दंड पाचशे रुपये.

बरोबर एका शिफ्टचे.

गाडी सुरू झाली. चिंचपोकळीचा पूल आला.

"निम्मे माझे," धोंडू म्हणाला.

"का म्हणून? गाडी माझ्या नावावर आहे."

"उभी मी केलंय."

"आधी दार मी उघडलं."

"ब्रेक मी मारलंय, बाई. तुमका ब्रेक खंय आसा तो तरी म्हायत हा?"

"मला शिकवू नकोस. दंड मालकाला येतो, मालक भरेल."

"मग ड्रायव्हराक काय इज्जत नाय?"

मुगभाट लेनमध्ये गाडी वळली तेव्हा दोघांचे आवाज पहिल्या मजल्यापर्यंत पोचले होते. विजयकर गॅलरीत आले. भाडेवाढीवरूनच चाललंय अशी त्यांची समजूत झाली. चष्मा वर करून ते म्हणाले, "वहिनी, मी सांगतो. अशा वेळी रीतसर टक्केवारी काढावी."

"तुम्ही आत जा," बाई आणि धोंडू एकदम म्हणाले.

विजयकर आत गेले. खाली टॅक्सीच्या बॉनेटवर धोंडूनं अडीचशे रुपये मोजून ठेवले. बाईंनी शेजारी आपले अडीचशे ठेवले. दोन्ही थप्प्या सारख्या आहेत का, हे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.